पाण्याबाहेरची बोट

पाण्यासाठी बांधलेली बोट पाण्यात ठेवली की खराब होते. विकणारा हे सांगत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत बुडाला हिरवी बुळबुळी धरते. फायबरग्लासची बोट महिनोन्महिने पाण्यातच राहिली तर वरच्या थरातून पाणी झिरपून आतून फोड येतात. रात्री वारा सुटला की दोरीने बांधलेली बोट डॉकवर आपटत राहते. म्हणून मिनेसोटात तळ्याकाठच्या घरांपुढे डॉकच्या कडेला बहुधा एक चौकट उभी दिसते: चार खांब, त्यांच्यामध्ये खाली-वर होणारी बैठक आणि बाजूला चार फूट व्यासाचे एक चाक. संध्याकाळी बोट बैठकीवर आणायची, चाक फिरवायचे, बोट पाण्याच्या हातभर वर. सकाळी उलटे फिरवायचे. हीच बोटीची लिफ्ट.

साडूने केबिन घेतली तिच्यापुढे डॉक होता, लिफ्ट नव्हती. ती घरीच बांधायची ठरली, त्या उन्हाळ्यातली ही टिपणे.

०

जागा: ब्रेनर्डच्या उत्तरेला क्रॉसलेक हे गाव. व्हाइटफिश साखळीत चौदा तळी एकमेकांना जोडलेली आहेत. राज्यात 10 एकरांहून मोठी तळी 11,842. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र ‘दहा हजार’ एवढेच असते. आकडा कमी करून सांगणारी जाहिरात मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

०

आयती लिफ्ट काही हजार डॉलरला पडते. अण्णा, म्हणजे आमचे दोघांचे सासरे, तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले होते. त्यांनी शेजारच्या डॉकवर जाऊन तिथल्या लिफ्टकडे बराच वेळ पाहिले, खांब बोटांनी वाजवला, बोल्ट मोजले. “जावईबापू, यात आहे काय? चार खांब, दोन आडव्या कड्या, चार कप्प्या आणि तार.”

अण्णांची नोकरी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत झाली. एसटीच्या बसगाड्यांची ॲल्युमिनियमची बॉडी तिथे बांधली जायची. म्हणजे कुठला पत्रा कुठे फाटतो, कुठला रिव्हेट आधी सुटतो, हे या माणसाने खड्ड्यातल्या रस्त्यांच्या हिशेबाने शिकलेले. तळ्यातली लाट त्यांना किरकोळ वाटली. (लाट किरकोळच निघाली. त्रास दुसरीकडून आला.)

०

आधी वजन. कंपनीच्या पत्रकात बोटीचे ‘कोरडे वजन’ दिलेले असते आणि त्यात बहुतेकदा इंजिनही धरलेले नसते. साडूची अठरा फुटी ॲल्युमिनियमची मासेमारीची बोट घ्या. नुसता सांगाडा सुमारे 600 किलो. 115 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन 165-170. टाकीत 110 लिटर पेट्रोल, म्हणजे 80 किलोच्या आसपास. तीन बॅटऱ्या 75. नांगर, दोऱ्या, लाइफ जॅकेट, गळ, बर्फाची पेटी मिळून 70-80. बेरीज हजार किलोंच्या जवळ गेली. पत्रक पाहून 700 किलोंची लिफ्ट घेणारे लोक आहेत, आणि त्यांच्या लिफ्टची तार दोन-तीन वर्षांत तुटते. दोष तारेला दिला जातो.

आणखी एक वजन कोणीच धरत नाही, ते पावसाचे. उघड्या बोटीचे क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर धरा. एका रात्रीत एक इंच पाऊस पडला आणि पाणी आत साचले तर सव्वादोनशे किलो वाढले. म्हणून लिफ्टवर बोट चढवली की मागचे बूच काढून ठेवायचे, आणि बैठक मागच्या अंगाला किंचित उतरती ठेवायची. सकाळी बोट खाली सोडण्याआधी ते बूच परत लावायचे. तळ्याकाठच्या निम्म्या विनोदी गोष्टी या बुचाच्या आहेत.

०

बोट पाण्यात असते तोवर तिचे वजन पाणी पेलते, तारेवर काहीच येत नाही. बैठक खालून टेकली की भार हळूहळू चढतो आणि बूड पाण्यातून पूर्ण सुटते त्या क्षणी तो पुरा होतो. पुढे कितीही वर न्या, भार तेवढाच. चाकावर हात ठेवला की हे कळते. पहिले काही फेरे करंगळीने होतात, मग एकदम खांद्यात येते.

०

कागदावर केलेला हिशेब: हजार किलो दीड मीटर उचलायला लागणारी ऊर्जा 14,700 ज्यूल. जेमतेम चार वॉट-अवर. चहात टाकतो त्या चमचाभर साखरेत याच्या चौपटीहून जास्त ऊर्जा असते. घर्षणात निम्म्याहून अधिक गेली असे धरले तरी 10 वॉट-अवर. त्यामुळे वीस वॉटचे सौर पॅनेल आणि एक 12 व्होल्टची बॅटरी एवढ्यावर लिफ्टची मोटर आरामात चालते.

मग हाताने जड का जाते? हाताला ऊर्जा कमी पडत नाही, जोर कमी पडतो. हजार किलो दहा किलोंच्या जोराने उचलायचे तर हाताला शंभर पट अंतर कापावे लागते. दीड मीटरसाठी दीडशे मीटर. चार फुटी चाकाचा घेर पावणेचार मीटर, म्हणजे चाळीस फेरे, घर्षण सोडून. प्लूटार्कने आर्किमिडीजची गोष्ट सांगितली आहे. सिराक्यूजच्या राजापुढे त्याने माल आणि माणसांनी भरलेले जहाज कप्प्यांच्या दोरीने बसल्या जागी ओढून दाखवले. दोरी किती मीटर ओढली, ते प्लूटार्क सांगत नाही. लेखक लोक नेमके हेच गाळतात.

०

लिफ्टचे प्रकार बरेच आहेत, पण हाताने बांधण्याजोगे दोन.

एकात खालची चौकट आणि वरची बैठक तिरक्या हातांनी जोडलेली असते. तार ओढली की हात उभे होत जातात आणि बोट कमानीत पुढे सरकत वर येते. कप्प्या कमी, तार कमी, बिघाड कमी. पण हात आडवे पडलेले असताना, म्हणजे अगदी सुरुवातीला, तारेवर ताण सर्वांत जास्त येतो, आणि उंची तीन-चार फुटांपलीकडे मिळत नाही. उथळ, सपाट, पातळी न बदलणाऱ्या तळ्याला ही उत्तम.

दुसरी उभी: चार खांब, बैठक सरळ वर. उंची जास्त मिळते, पण चारही कोपरे एका वेगाने उचलले गेले पाहिजेत. त्यासाठी तारा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात अशा फिरवतात की एक कोपरा मागे राहायला लागला की बाकीचे त्याला ओढून घेतात. अण्णांनी ही वाट वर्तमानपत्राच्या कडेवर काढली आणि साडूने ती संगणकावर स्वच्छ काढली. मला वर्तमानपत्रावरची लवकर कळली.

आमच्या तळ्याची पातळी बदलते, म्हणून उभी.

०

तळ्याची पातळी बदलते यामागे इतिहास आहे. व्हाइटफिश साखळी दिसायला निसर्गाची, पण पाणी किती ठेवायचे हे लष्कराचे अभियंते ठरवतात. मिसिसिपीच्या उगमाकडच्या तळ्यांवर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने सहा धरणे बांधली. विनिबिगोशिश, लीच, पोकेगामा ही 1880च्या दशकातली, गल लेकचे 1912चे. क्रॉसलेक गावातले पाइन नदीचे धरण 1886चे. मूळ हेतू उन्हाळ्यात पाणी सोडून खालच्या अंगाला मिसिसिपी जहाजांना चालती ठेवणे. मिनिॲपोलिसच्या पिठाच्या आणि लाकडाच्या गिरण्यांनाही ते पाणी सोयीचे होते. त्या पाण्याखाली लीच आणि विनिबिगोशिशच्या काठची ओजिब्वे लोकांची गावे, दफनभूमी आणि मनूमिनची शेते गेली. मनूमिन म्हणजे पाण्यात उगवणारे त्यांचे धान्य, बाजारात ‘वाइल्ड राइस’ म्हणून विकतात ते. कोयनेच्या किंवा उजनीच्या काठी ज्यांचे कोणी राहत होते त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आज उन्हाळ्यात पातळी ठरलेल्या पट्ट्यात ठेवतात, हिवाळ्यात वसंतातल्या पुरासाठी थोडी उतरवतात. लिफ्टला कामाचे ते एवढेच: पातळी सर्वांत खाली असतानाही बैठकीवर अडीच-तीन फूट पाणी हवे, नाहीतर बोट आत येणारच नाही.

०

दापोडीचा नियम: ॲल्युमिनियमला शक्यतो वेल्डिंग नको. आम्ही 6061-टी6 या जातीच्या चौकोनी नळ्या आणल्या. पोलादाच्या तिप्पट हलक्या, पाण्यात गंजत नाहीत. पण ‘टी6’ म्हणजे भट्टीत तापवून, विझवून मिळवलेली ताकद. वेल्डिंगची उष्णता ती ताकद जोडाच्या आसपास घालवते. जोडालगतच्या पट्टीत धातू जवळजवळ निम्म्या ताकदीचा उरतो, आणि कोपरे तर सर्वांत जास्त ताण घेणारे. अण्णांना मिश्रधातूचा नंबर माहीत नव्हता, निष्कर्ष माहीत होता. सगळे कोपरे जाड पत्र्याचे त्रिकोणी गसेट लावून बोल्टने बांधले. वेल्डिंग फक्त बैठकीच्या मधल्या आडव्या पट्ट्यांना, जिथे ताण नाही.

साडूने विचारले, “अण्णा, बोल्ट ढिले नाही होणार?” अण्णा म्हणाले, “होतील. म्हणून तर बोल्ट. ढिला झालेला बोल्ट दिसतो. आतून तडकलेला वेल्ड दिसत नाही.”

०

बोल्ट स्टेनलेसचे. पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची छोटी बॅटरी होते आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. मुंबईच्या खाडीत हे महिन्यांत दिसेल, गोड्या पाण्यात वर्षे लागतात, पण होतेच. मध्ये नायलॉनचे वॉशर आणि बोल्टच्या दांड्याला नायलॉनची नळी. समुद्रात झिजायला म्हणून जस्ताचा गोळा लावतात, गोड्या पाण्यात जस्त फारसे काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम लागते.

बोट ज्यांवर टेकते त्या लांब फळ्यांचेही असेच. अमेरिकेत घरगुती कामासाठी आर्सेनिकवाले टिकाऊ लाकूड 2003अखेर बंद झाले, त्याजागी आलेल्या लाकडात तांबे भरपूर असते. अशा ओल्या लाकडावर ॲल्युमिनियमची बोट रोज ठेवली तर बुडाला खड्डे पडतात. फळीवर घातलेले कार्पेट ओल धरून ठेवते, म्हणजे आणखी वाईट. आम्ही सीडरच्या फळ्या घेऊन त्यावर प्लास्टिकची टोपणपट्टी बसवली. फळ्या मागे पूर्ण लांब हव्यात. इंजिन जिथे लटकते तो मागचा आडवा भाग फळीवर टेकलाच पाहिजे, हवेत राहता कामा नये.

०

तार. सव्वा इंची नव्हे, पाव इंची. दुकानदाराने दोनदा विचारून खात्री केली.

सात पेड, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे 133. इतक्या बारीक तारा कशाला, तर कप्पीवरून वाकताना तार जितकी बारीक तितका तिला वाकण्याचा ताण कमी. पाव इंची गॅल्व्हनाइज्ड तार नवी असताना 3,100 किलोंच्या पुढे तुटते, काम मात्र तिला त्याच्या पाचव्या हिश्शाचेच द्यायचे. तारदोर ही खाणीतली वस्तू. जर्मनीतल्या हार्त्सच्या खाणींत विल्हेल्म अल्बर्ट याने 1834मध्ये ती प्रथम वापरली, कारण तोवरच्या साखळ्यांचा एक दुवा तुटला की सगळेच खाली जायचे. तारेचे तसे नाही. ती आधी एक-एक तार तोडून सूचना देते. महिन्यातून एकदा जाड कापड हातात धरून तारेवरून फिरवायचे, अडकले तिथे तार फुटली. उघड्या हाताने फिरवायचे नाही.

तारेचे टोक वळवून त्यावर यू-क्लॅम्प लावताना क्लॅम्पचे खोगीर भार घेणाऱ्या तारेच्या बाजूला आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकाच्या बाजूला. उलटे लावले तर यू-बोल्ट कामाची तारच चिरडतो. शेजारपाजारच्या लिफ्ट पाहत फिरलो तेव्हा उलटे क्लॅम्प बरेच दिसले. परक्या देशात परक्याच्या डॉकवर उभे राहून सांगायचे कसे, म्हणून एकालाच सांगितले. ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, तीस वर्षे असेच आहे. अण्णा मराठीत म्हणाले, “मग आता बदलायला झाली.” मी भाषांतर केले नाही.

०

आता तळ. या सगळ्या उद्योगात मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे, ती इथे आहे. लोक मोटरवर पैसे घालतात, छतावर घालतात, निळे दिवे लावतात. लिफ्ट उभी राहते ती चार पायांखालच्या मातीवर, आणि तिकडे कोणी वाकून पाहत नाही.

हिशेब सोपा आहे. बोट हजार किलो, लिफ्ट तीनशेच्या आसपास. प्रत्येक पायावर सरासरी सव्वातीनशे. इंजिन मागे असल्याने मागच्या दोन पायांवर त्याहून बरेच जास्त. आयत्या लिफ्टचा पाय साधारण फूटभर चौरस असतो, म्हणजे 900 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 360 ग्रॅम.

अण्णांनी हे ऐकले आणि धोतर नव्हे पण हाफपँट सावरत पाण्यात शिरले. पंचाहत्तर किलोंचा माणूस एका अनवाणी पायावर उभा राहिला तर तळव्याखाली दाब साधारण तेवढाच येतो. डॉकच्या डाव्या बाजूला एका पायावर उभे राहिले, वाळूत बोटे रुतली आणि थांबली. उजव्या बाजूला उभे राहिले आणि घोट्यापर्यंत गेले. वर दोन बोटे वाळू, खाली काळा गाळ. साडूला लिफ्ट उजवीकडे हवी होती, खिडकीतून दिसावी म्हणून. लिफ्ट डावीकडे ठरली.

मग लोखंडी सळई घेऊन चारही कोपऱ्यांच्या जागी टोचून पाहिले. पुढच्या दोन जागी सळई वीतभर जाऊन कचकन थांबे, मागे हातभर जाई. मागच्या पायांखाली दोन-दोन फूट चौरस फळ्या ठेवायच्या ठरल्या. क्षेत्रफळ चौपट, दाब 90 ग्रॅमवर. फळी आणि ॲल्युमिनियमचा पाय यांच्यामध्ये जाड रबर, वर लिहिलेल्या तांब्याच्या कारणाने.

तळाचा आणखी एक शत्रू म्हणजे बोटीचेच इंजिन. बोट लिफ्टवर चढवताना लोक थोडा जोर देतात आणि पंख्याचा झोत थेट मागच्या पायांजवळची वाळू उडवतो. दोन उन्हाळ्यांत तिथे खळगा होतो, मग एक पाय खचतो, चौकट तिरकी होते, बैठक खांबात अडकते, आणि माणूस मोटर बदलतो. चाकाला किंवा मोटरला काही झालेले नसते. चौकट समतल आहे का, हे पाणसळ लावून दर पंधरवड्याला पाहणे हा एकच उपाय. आणि इंजिन बंद करून बोट हाताने ओढून घेणे, पण तेवढा धीर कोणाला असतो.

०

पाणवनस्पती. लव्हाळे, रामबाण गवत, मनूमिन अशा पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या वनस्पती राज्याच्या परवान्याशिवाय उपटता येत नाहीत, मग त्या तुमच्या घरापुढे का असेनात. मला हा नियम आवडतो. लव्हाळी लाट मोडतात, किनारा धरून ठेवतात. आमच्या डावीकडे लव्हाळ्यांचा एक पट्टा होता, डॉकची शेवटची फळी वाढवून लिफ्ट त्याच्या पलीकडे नेली.

०

जुनी लिफ्ट स्वस्तात मिळते, दुसऱ्या तळ्यावरची. पण ती आणून तशीच पाण्यात उतरवता येत नाही. मिनेसोटात एका पाण्यातून काढलेला डॉक किंवा लिफ्ट दुसऱ्या पाण्यात घालण्याआधी 21 दिवस कोरडी ठेवावी लागते. कारण झेब्रा मसल: नखाएवढे पट्टेरी शिंपले, काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचे. जहाजांच्या तोलासाठी घेतलेल्या पाण्यातून ते 1980च्या दशकाच्या अखेरीस ग्रेट लेक्समध्ये आले, 1989मध्ये डुलुथच्या बंदरात सापडले, मग बोटींबरोबर तळ्यातळ्यांत. लिफ्टच्या खांबावर त्यांचे थर बसतात, कडा ब्लेडच्या धारेच्या, अनवाणी पोरांचे तळवे कापतात. पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून धुऊन भागत नाही, वाळवावेच लागते. मुंबईच्या आणि विशाखापट्टणमच्या गोदीतही असलाच एक परका पट्टेरी शिंपला जहाजांबरोबर येऊन बसलेला आहे. आपल्याकडची शिनाणी निदान तव्यावर जातात. यांच्यात खाण्याजोगे काही नाही.

०

बसवण्याचा दिवस. पावणेतीनशे किलोंची चौकट पाण्यात नेणार कशी? उचलून नाही, तरंगवून. ॲल्युमिनियम पाण्यात बुडाले की एक तृतीयांशाहून जास्त हलके होते. 270 किलोंचे 170 उरतात. दोनशे लिटरचे रिकामे, घट्ट बुचाचे प्लास्टिकचे पिंप एकटेच त्याहून जास्त उचलते. पण तोलासाठी चार कोपऱ्यांना चार लागतात. पिंपे बांधली, चौकट गवतावरून गोल लाकडांवर ढकलत आणली, आणि ती पाण्यात शिरल्यावर दोन माणसांनी ढकलून जागेवर नेली. मे महिन्यात तळ्याचे पाणी दहा अंशांच्या आसपास असते. वेडर म्हणजे रबरी विजारी घातल्या तरी पाय पंधरा मिनिटांत आपले राहत नाहीत.

पिंपे एकेक करून सोडायची, आधी खोल बाजूची. पायांच्या नळ्यांना भोके असतात, खीळ घालून उंची ठरते. चारही पाय टेकले, पाणसळ लावली, मग रिकामी बैठक वर-खाली करून पाहिली. मग एका माणसाने बैठकीवर उभे राहून एकेका कोपऱ्यावर उड्या मारल्या. पाय बसायचे तेवढे बसले. पुन्हा पाणसळ, पुन्हा खिळी. बोट आणायची घाई साडूला होती, अण्णांना नव्हती. त्यांनी एक रात्र चौकट नुसती उभी ठेवायला लावली.

सकाळी मागचा डावा पाय अर्धा इंच खाली होता. एक भोक वर घेतले. मग बोट.

०

विजेबद्दल. डॉकवर 120 व्होल्टची तार नेऊन मोटर चालवणारे लोक आहेत. गोड्या पाण्यात हे खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त घातक. खारे पाणी विजेला माणसाच्या शरीरापेक्षा चांगली वाट देते, त्यामुळे गळलेला प्रवाह पोहणाऱ्याला वळसा घालून जातो. गोडे पाणी वाईट वाहक, शरीर त्याहून चांगले, म्हणून प्रवाह शरीरातून जातो. दहा-पंधरा मिलीअँपिअर स्नायू आखडायला पुरतात, आणि पोहणारा आवाज न करता बुडतो. वाचवायला उडी मारणाराही. सौर पॅनेल आणि 12 व्होल्ट असताना ती तार नेण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

०

छताबद्दल माझे मत वाईट आहे. लिफ्टवर व्हायनिलचे छत टाकले की बोट उन्हापासून वाचते, पक्ष्यांपासून वाचते, आणि पहिल्या मोठ्या वादळात छतासकट आडवी होते. वीस-बावीस चौरस मीटर कापड वर ताणले की खालची सगळी गणिते बदलतात. ज्यांना हवे त्यांनी खांबांना तळात मळसूत्री खुंट्या मारून घ्याव्यात. साडूला हवे आहे.

०

अण्णांचे मूळ गाव हर्णै. तिथे पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढतात, खाली ओंडके, दोन्ही अंगांना माणसे, आणि नारळाच्या झापांनी शाकारतात. आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी कायद्यानेच बंद असते. नारळी पौर्णिमेला होड्या परत पाण्यात. मिनेसोटात कॅलेंडर उलटे: पाऊस-वाऱ्यात बोट तळ्यात, थंडीत बाहेर. आणि होडीबरोबर डॉक आणि लिफ्टही बाहेर. अण्णांना हे पहिल्यांदा ऐकून पटले नाही. “बांधलेली वस्तू दर वर्षी उपसायची?” होय, दर वर्षी.

०

का उपसायची, त्याचे उत्तर बर्फ. पाणी गोठताना नऊ टक्के फुगते हे शाळेत शिकतो, पण डॉक मोडतो तो त्याने नाही. तळ्यावर जाड बर्फाची अखंड लादी बसली की ती थंडीने आकसते आणि तडकते, भेगांत पाणी चढून गोठते. मग दिवस उबदार आला की लादी फुगते, आणि भेगा आता भरलेल्या असल्याने तिला काठाकडे सरकण्याशिवाय जागा नसते. किलोमीटरभर रुंद लादी दहा अंशांनी तापली तर अर्धा मीटर वाढते. वाटेत ॲल्युमिनियमचा खांब असो की दगडी भिंत. आमच्या काठाला मातीचा जो उंचवटा आहे तो असाच, शेकडो हिवाळ्यांनी ढकलून केलेला.

आणि वसंतात वारा. 11 मे 2013ला मिल लॅक्स तळ्याचा सुटा बर्फ वाऱ्याने काठावर चढला आणि घरांची दारे-खिडक्या फोडून आत शिरला. त्याच दिवशी वॉलाय माशांच्या मासेमारीचा हंगाम सुरू होणार होता.

०

लेक मिनेटोंकावर बर्फ कधी गेला याच्या नोंदी 1855पासून आहेत. साधारण एप्रिलच्या मध्यावर जातो. 2018मध्ये 5 मेपर्यंत होता. त्यामुळे लिफ्ट पाण्यात केव्हा घालायची याची तारीख कोणी आधी सांगत नाही, फक्त शेजारी एकमेकांच्या डॉककडे पाहत असतात.

०

ऑक्टोबर. बोट गेली, मग लिफ्ट. पुन्हा पिंपे, पुन्हा वेडर, पाणी मेमधल्याइतकेच गार. पायांभोवती वाळू बसलेली असते. ओढून काढू नये, एकेक कोपरा हलवून आत पाणी जाऊ द्यावे, मग सुटतो. काठावर चौकट त्या मातीच्या उंचवट्याच्या मागे ठेवायची, पुढे नाही. तारेवरचा ताण पूर्ण काढायचा, बैठक खाली टेकवायची, कप्प्यांच्या आसांना ग्रीस, चाकामागच्या विंचच्या दात्यांना ग्रीस, पण ब्रेकच्या चकत्यांना नाही. खांबांच्या नळ्यांत पाणी राहिले तर ते गोठून नळी फाडते, म्हणून खालची भोके सळईने मोकळी केली.

अण्णा सप्टेंबरात पुण्याला परतले होते. साडूने व्हिडिओ कॉलवर त्यांना सगळी चौकट फिरवून दाखवली, मोटर आणि छत यांचे भाव सांगितले. अण्णांनी कॅमेरा खाली न्यायला सांगितला, मागच्या पायांकडे. प्लायवूडच्या फळ्यांचे थर एका कडेला उकलले होते. “मोटर घ्या खुशाल,” म्हणाले, “पण आधी या दोन फळ्या बदला. प्लायवूड दुसरा उन्हाळा काढणार नाही. अखंड ओक मिळतो का बघा, दोन इंची.”